रिकामी प्लेट

बायोटेक्नॉलॉजीच्या पहिल्याच प्रॅक्टिकलला आमच्या मॅडम स्टीलच्या दोन थाळ्यांमध्ये चायना ग्रास घेऊन आल्या होत्या. आम्ही सतराजण नवेकोरे एप्रन घालून उभे होतो. आज डीएनए बघायला मिळणार, म्हणून मी आदल्या दिवशी घरी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. आणि समोर काय, तर थाळीत थरथरणारी पांढरट वडी आणि शेजारी बाटलीत लाल सरबत.

"हे आगर," मॅडम म्हणाल्या. "समुद्रातल्या शेवाळाचं असतं. रमजानमध्ये आमच्याकडे दुधात घालून रोज करतात. डीएनए बघायला तुम्ही पुढे जे जेल बनवाल ते याचंच, फक्त जास्त साफ केलेलं. ते महाग असतं, म्हणून आधी हे बिघडवा."

त्यांनी घरचा जाड दातांचा कंगवा त्यात आधीच उभा रोवून ठेवला होता. तो अलगद वर ओढला तशी ओळीनं बारीक खाचा उरल्या. वरून पाणी ओतलं आणि म्हणाल्या, "आता या पाण्याच्या खाली, प्रत्येक खाचेत, सरबताचा एकेक थेंब बसवायचा. साखर आहे, जड आहे, आपोआप खाली जातो. हात थरथरला तर वर येऊन सगळ्यांना सांगतो."

पंधरा मिनिटांत दोन्ही थाळ्या लाल झाल्या. मॅडमनी त्या ओतून टाकल्या आणि पिशवीतून तिसरी थाळी काढली.

हे सगळं पनवेलमधल्या एका कॉलेजात, दोन हजार दहाच्या आसपास घडलेलं. तेव्हा विमानतळ होणार, होणार, असं सगळे म्हणत होते आणि सुकापूरच्या शेतांमध्ये इमारती उगवत होत्या. मी तिथूनच यायचे. माझे बाबा न्हावा शेवाच्या बंदरावरून कंटेनरचा ट्रेलर चालवायचे. मॅडम पनवेलच्याच, जुन्या मोहल्ल्यातल्या. नवरा कुवेतला, घरी सासू. पन्नाशीला आलेल्या, ठेंगण्या, ओढणी एप्रनच्या आत कमरेला घट्ट बांधलेली. लॅबमध्ये शिरताना घड्याळ आणि अंगठी काढून खिशात टाकायच्या आणि मग दोन्ही हात पुढे धरून एकदा बघायच्या. काय बघायच्या, ते कधी कळलं नाही.

"थोडंसं" हा शब्द त्यांच्यासमोर बोलायची सोय नव्हती. "मॅडम, थोडंसं बफर घातलं" असं कुणी म्हटलं की त्या मान वर करायच्या. "थोडंसं म्हणजे किती?" मग सांगणारा पुन्हा मोजायला जायचा. कँटीनमध्येही तेच. कँटीनवाले काका विचारायचे, "साखर थोडी घालू ना?" आणि मॅडम शांतपणे म्हणायच्या, "दीड चमचा. सपाट." काका आमच्याकडे बघून कपाळाला हात लावायचे, पण चमचा मात्र बोटानं सपाट करायचे.

पिपेट, म्हणजे थेंब मोजून घ्यायची नळी, शिकवायला त्यांनी तीन आठवडे घेतले. तीन आठवडे फक्त रंगीत पाणी! पिपेटच्या वरच्या बटणाला दोन टप्पे असतात, पहिला हलका आणि दुसरा जोर लावून दाबायचा. नवीन मुलं हमखास दुसऱ्या टप्प्यापर्यंत दाबून पाणी ओढतात आणि माप चुकतं. मॅडमनी माझ्याकडे बघून विचारलं, "तू सुकापूरची ना? मग ऐक. पहिला थांबा सुकापूर, दुसरा थांबा पनवेल. भरताना सुकापूरलाच उतरायचं. सोडताना पनवेलपर्यंत जायचं." वर्ग हसला. पण पुढे वर्षभर लॅबमध्ये कुणाचं माप चुकलं की बाजूचा हळूच विचारायचा, "पनवेलला गेलीस काय गं?"

मग तो थेंब काट्यावर ठेवायचा. शंभर मायक्रोलिटर पाण्याचं वजन एक दशांश ग्रॅम आलं पाहिजे. दहा वेळा घ्यायचं, दहाही वेळा तेवढंच. माझं सातव्या वेळेला हमखास चुकायचं. मॅडम मागे उभ्या राहून म्हणायच्या, "सहा वेळा बरोबर आलं म्हणून तुला वाटलं, आता येतंच. तिथे चुकलीस."

त्यांची सगळ्यात मोठी शिस्त म्हणजे वही. पेनानंच लिहायचं. चूक झाली तर एक सरळ रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, आणि बाजूला सही. व्हाइटनर लावलेलं पान त्यांनी एकदा उजेडासमोर धरलं आणि त्या मुलाला विचारलं, "इथे काय पुरलंयस?" त्यांच्या सासूबाई पुढे एकदा मला म्हणाल्या, "हिच्यापायी घरात मिठावरसुद्धा तारीख असते. मी लोणचं घातलं तर बरणीवर माझी सही घेते!"

आणि दुसरं म्हणजे कंट्रोल. कुठलाही प्रयोग करताना सोबत एक नमुना असा ठेवायचा, की ज्यात काहीच घडायला नको. बाकी सगळं तसंच, फक्त मुख्य गोष्ट घातलेली नसते. त्यातही काही घडलं, तर तुमच्या खऱ्या नमुन्यात जे दिसतंय त्यावर विश्वास ठेवता येत नाही. आम्हाला ते फुकटचं काम वाटायचं. मॅडम म्हणायच्या, "चांगला निकाल कुणीही दाखवतो. मला आधी रिकामी प्लेट दाखवा. ती आपली अब्रू आहे."

आम्ही त्यांना घाबरायचो. त्या कधी ओरडल्या नाहीत. पण चूक दाखवताना त्यांचा आवाज इतका खाली यायचा, की सगळी लॅब गप्प व्हायची आणि ज्याची चूक तो एकटा उरायचा.

तिसऱ्या वर्षाला आमच्या गटाला प्रोजेक्ट मिळालं. समुद्रातल्या एका जेलीफिशच्या अंगात हिरवं चमकणारं प्रथिन असतं. त्याचा जीन साध्या जीवाणूत घालायचा, म्हणजे जीवाणू चमकायला लागतो. हा जीन डीएनएच्या एका छोट्या गोल तुकड्यावर बसवलेला असतो आणि त्याच तुकड्यावर अँपिसिलिन नावाच्या औषधाला तोंड देण्याची ताकदही असते. म्हणून जीवाणू वाढवायला झाकणाच्या उथळ बशीत, म्हणजे प्लेटमध्ये, जे आगर ओतायचं त्यात अँपिसिलिन मिसळायचं. ज्या जीवाणूंनी तुकडा आत घेतला ते जगतील, बाकीचे मरतील. कंट्रोल प्लेटवर तुकडा न दिलेले जीवाणू पसरायचे. तिथे काहीच उगवता कामा नये.

नेमकी त्याच सुमारास कॉलेजात कमिटी येणार होती. एमएस्सीचा कोर्स सुरू करायचा होता, त्याची परवानगी ती कमिटी देणार होती. प्राचार्यांनी ठरवलं की चमकणारे जीवाणूच दाखवायचे. मॅडम अकरा वर्षं तात्पुरत्या नेमणुकीवर शिकवत होत्या. कोर्स आला की कायम करू, असं त्यांना सांगितलेलं होतं. आणि मला तर तो कोर्स हवाच होता. बाबांनी स्पष्ट सांगितलं होतं, "इथं सुरू झालं तर शिक. रोज मुंबईला जाणं-येणं मी करू देणार नाही."

रमजानचे दिवस होते. कमिटीच्या दोन दिवस आधी मॅडमनी आमच्यासाठी प्लेट ओतल्या. आगर उकळून थोडं निवलं की मगच अँपिसिलिन घालायचं, कारण गरमात ते औषध मरतं. मॅडम नेहमी आगरचा काचेचा फ्लास्क मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघायच्या, बाळाच्या दुधाची बाटली बघतात तसं. त्या दिवशी प्राचार्यांनी त्यांना फायलींसाठी तीनदा खाली बोलावलं. तिसऱ्यांदा शिपाई दारात उभाच राहिला, तेव्हा त्यांनी अँपिसिलिन घातलं, भराभर प्लेट ओतल्या आणि गेल्या.

दुसऱ्या दिवशी आम्ही जीवाणू पसरले आणि रात्रभर उबेत वाढायला प्लेट इन्क्युबेटरच्या पेटीत ठेवल्या. घाईत आम्हीही एक चूक केली. नाव नेहमी प्लेटच्या बुडावर लिहायचं, झाकणावर नाही, कारण झाकणं बदलू शकतात. आम्ही झाकणावर लिहिलं.

कमिटीच्या दिवशी सकाळी साडेआठला मी एकटीच लॅबमध्ये पोचले. इन्क्युबेटर उघडला. अंधार करून आमची मुख्य प्लेट अतिनील दिव्याखाली धरली. हिरवे ठिपके! आमच्या हातांनी केलेले. त्यांच्यामध्ये न चमकणारे ठिपकेही बरेच होते, पण ते अंधारात दिसत नव्हते. मग मी कंट्रोल प्लेट बघितली. तिच्यावरही ठिपके होते. सव्वीस. मी दोनदा मोजले.

फार विचार केला असं मला म्हणता येणार नाही. फ्रिजमध्ये ओतून उरलेल्या कोऱ्या प्लेट होत्या. त्यातली एक काढली, कंट्रोलचं झाकण तिच्यावर ठेवलं आणि ठिपकेवाली प्लेट टाकायच्या बादलीत खाली सारली. आता थोडा वेळ इन्क्युबेटरमध्ये ठेवून गरम करावी, एवढंही सुचलं, पण तेवढ्यात जिन्यात आवाज आले. कमिटी ठरल्या वेळेच्या आधी आली होती आणि प्राचार्य आणि मॅडम त्यांना थेट आमच्याच लॅबमध्ये घेऊन येत होते.

मॅडम बोलायला उभ्या राहिल्या. उपवासानं आवाज कोरडा झाला होता, पण त्या छान बोलल्या. लाइट बंद केले, दिवा लावला, हिरवे ठिपके दाखवले. कमिटीतल्या एक वयस्कर बाई पुढे झुकून "वा!" म्हणाल्या. प्राचार्यांनी माझ्याकडे बघून मान डोलावली. लाइट पुन्हा लागले. मग मॅडम म्हणाल्या, "आणि हा आमचा कंट्रोल," आणि त्यांनी ती प्लेट हातात घेतली.

त्या थांबल्या. झाकणाच्या आत दव धरलं होतं. त्यांनी प्लेट दुसऱ्या हातात घेतली, बुडाला बोटं लावली. मग माझ्याकडे बघितलं. एकदाच.

"एक मिनिट," त्या कमिटीला म्हणाल्या. "ही आमची कंट्रोल प्लेट नाही. ही गार आहे. इन्क्युबेटरमधून आलेली प्लेट गार नसते." आणि मग मला, नेहमीच्या त्या खालच्या आवाजात, "खरी आण."

बादलीपर्यंत चार पावलं होती. मी वाकून खालची प्लेट काढली आणि त्यांच्या हातात दिली. मॅडमनी ठिपके मोजले आणि प्लेट सगळ्यांना दिसेल अशी धरली.

"सव्वीस," त्या म्हणाल्या. "इथे एकही असायला नको होता. अँपिसिलिन मी घातलं होतं, आगर गरम असताना घातलं, त्यामुळे ते कमजोर झालं. चूक माझी आहे. त्यामुळे तुम्ही मघाशी जे पाहिलंत ते सुंदर असलं, तरी आज आम्ही त्याबद्दल खात्रीनं काही सांगू शकत नाही."

कमिटीच्या अध्यक्षांनी विचारलं, "मग ही दुसरी प्लेट कुठून आली?"

"ती माझ्या लॅबमधली गोष्ट आहे. तिचं मी बघेन," मॅडम म्हणाल्या.

कमिटी गेल्यावर प्राचार्यांचा आवाज खालच्या मजल्यावरून आम्हाला ऐकू येत होता. त्या वर्षी कोर्स मिळाला नाही. त्याला आणखीही कारणं होती, इमारतीची, ग्रंथालयाची, पण कॉलेजात सगळ्यांनी एकच कारण धरलं. स्टाफरूममधल्या एका सरांनी मॅडमना विचारलेलं मी दाराबाहेरून ऐकलं. "अहो, तुम्हाला गप्प बसता आलं नाही का?"

"बसले असते," मॅडम म्हणाल्या. "पण प्लेट गार होती हो."

चार दिवस त्या मला काहीच बोलल्या नाहीत. लॅबमध्ये यायच्या, शिकवायच्या, जायच्या. माझ्याकडे रागानं बघितलं असतं तरी बरं झालं असतं. पाचव्या दिवशी दुपारी मी त्यांच्या घरी गेले. दार सासूबाईंनी उघडलं. मॅडम ओट्याशी संध्याकाळच्या इफ्तारची तयारी करत होत्या. मी रडायलाच लागले. त्यांनी हात पुसले आणि विचारलं, "वही आणलीस?"

पिशवीत होती. "बस. त्या दिवशीचं पान लिही."

मी जेवणाच्या टेबलावर वही उघडली. लिहिलं, 'सकाळी साडेआठ. कंट्रोल प्लेटवर सव्वीस ठिपके. ती प्लेट काढून कोरी प्लेट ठेवली.' आणि थांबले.

"कारण?" मॅडम मागे उभ्या होत्या. "कारण लिहिल्याशिवाय नोंद पुरी होत नाही."

"भीती वाटली," मी म्हटलं.

"कसली?"

"कोर्स जाईल याची."

"आणि?"

मी मान खाली घातली. "तुमची."

 मग खुर्ची सरकल्याचा आवाज आला आणि त्या माझ्यासमोर बसल्या. वही स्वतःकडे ओढून त्यांनी मी लिहिलेलं वाचलं.

"माझी म्हणजे? मी काय केलं असतं?"

"माहीत नाही, मॅडम. तुम्ही काही करत नाही. पण तुमच्याकडे चूक घेऊन यायचं म्हणजे..." 

आतून सासूबाई म्हणाल्या, "खरं बोलते पोरगी. मला पण लागते हिची भीती."

मॅडमना हसू आलं नाही. त्या उठल्या, कपाटातून स्वतःची वही काढली आणि माझ्यासमोर बसून तिच्यात दोन ओळी लिहिल्या. काय लिहिलं ते त्यांनी दाखवलं नाही, पण खाली त्यांनी केलेली सही मी बघितली. मग म्हणाल्या, "तुझी चूक मोठी आहे. ती तुझ्या वहीत राहील. पण तिचा एक भाग माझ्या वहीतला आहे. कळलं? आता तोंड धू. इफ्तारला थांब."

ईद झाल्यावर आम्ही प्रयोग पुन्हा केला. कमिटी नव्हती, प्राचार्य नव्हते. प्लेट ओतताना मॅडमनी फ्लास्क माझ्याच मनगटाला लावला. "सांग. घालू?" मी म्हटलं, "अजून नाही." त्या थांबल्या. मी म्हटलं, "आता." तेव्हा त्यांनी अँपिसिलिन घातलं.

दुसऱ्या दिवशी कंट्रोल प्लेट स्वच्छ होती. बुडावर माझ्या अक्षरात नाव, आत काही नाही. आणि मुख्य प्लेटवरचे ठिपके हिरवेगार. मॅडमनी लॅब झाडणाऱ्या मावशींना हाक मारली. मावशी उरणकडच्या, कोळ्यांच्या घरातल्या. इतकी वर्षं त्या आमच्या काचा धुत होत्या, पण त्यांना कुणी कधी काही दाखवलं नव्हतं. अंधार करून मॅडमनी दिवा लावला, तशा मावशी एकदम मागे सरकल्या.

"आगं बाय! ह्ये तं आमच्या दर्याला येतं तसं हाय. पावसाच्या आदी लाटंत असा उजेड दिसतो. आमी ल्हान असताना पाण्यात हात घालून बगायचो."

"हा जीन दर्यातल्याच जेलीफिशचा आहे, मावशी," मॅडम म्हणाल्या.

"ती? ती तं जाल्यात आली का हाताला खाज सुटते. फेकून देतो आमी." मावशी पुन्हा वाकून बघायला लागल्या. "तिच्या पोटात ह्ये हाय व्हय?"

मॅडम त्या दिवशी इतक्या हसल्या की त्यांना स्टुलावर बसावं लागलं. मग मावशींनी दर्यातल्या उजेडाबद्दल जे जे सांगितलं ते सगळं त्यांनी मला वहीत लिहून घ्यायला लावलं, आणि खाली मावशींचं नाव.

तेव्हापासून मॅडममध्ये एक बदल झाला. प्रत्येक नव्या बॅचला पहिल्या दिवशी त्या आधी स्वतःची एक चूक सांगायच्या. अँपिसिलिनची गोष्ट त्यांनी किती वेळा सांगितली असेल कोण जाणे. त्यात माझा उल्लेख कधीच नसायचा. खालच्या आवाजात बोलणं काही पूर्ण गेलं नाही. पण आता ते बोलून झालं की त्या शेजारी स्टूल ओढून बसायच्या आणि म्हणायच्या, "चल, दोघी मिळून शोधू कुठे गेलं ते."

पुढच्या वर्षी कोर्स मंजूर झाला. मी एक वर्ष एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करून थांबले होते, पहिल्याच बॅचला प्रवेश घेतला. पण मधल्या काळात नियम बदलला होता, कायमच्या जागेसाठी आता पीएचडी हवी होती, आणि मॅडमकडे ती नव्हती. खारघरहून एक तरुण सर आले. मॅडमची नेमणूक पुढे चालू ठेवायची नाही, असं ठरलं. शेवटचा महिनाभर त्यांनी त्या सरांना सगळं दाखवलं. कुठला इन्क्युबेटर दोन अंश जास्त दाखवतो, कुठल्या पिपेटचा स्प्रिंग सैल आहे, कुठल्या मुलाला घाई होते. मला त्या सरांचा इतका राग यायचा की मी त्यांच्या तासाला मागे बसायचे. मॅडमना ते कळलं. म्हणाल्या, "असं करू नको. हात चांगला आहे त्याचा. मी बघितलाय."

तात्पुरत्या माणसांना निरोप समारंभ नसतो. शेवटच्या दिवशी मावशींनी त्यांना सुके बोंबील बांधून दिले, कँटीनवाल्या काकांनी चहा दिला आणि साखर विचारली नाही. मी त्यांची पिशवी घेऊन रिक्षा स्टँडपर्यंत गेले.  शेवटी म्हटलं, "मॅडम, त्या दिवशी तुम्ही गप्प बसला असतात तर कोर्स तेव्हाच आला असता. तुम्ही आज कायम असतात."

 कुठलंही उत्तर त्या पटकन द्यायच्या नाहीत.

"असते," त्या म्हणाल्या. "आणि तू काय झाली असतीस?"

 रिक्षा आली. मॅडम आत बसल्या, सरकल्या आणि शेजारची जागा हातानं थोपटली.

"चल बस. आधी तुला सुकापूरला सोडते."

"मॅडम, तुमचं घर इथेच आहे. तुम्हाला उलटं पडेल."

"बस म्हणते ना," त्या म्हणाल्या. मी बसले.